पहिलं बटण

मंगळवार, ८ जुलै
सकाळी ११

डाव्या हाताने लिहितोय. तात्पुरतं. फेब्रुवारीतल्या पॅरालिसिसच्या झटक्यापासून उजवा हात जरा विश्रांतीवर आहे. त्यामुळे मोजकंच लिहीन. तसंही ऑफिसात माझ्या मोजक्या नोटिंगची तारीफ व्हायची.

आज नूपुर नावाची मुलगी घरी आली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मी स्पष्ट सांगितलं, विमा कंपनीतून सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झालो, आता मला ऑक्युपेशन नाही. ती हसली. म्हणाली, काका, अंघोळ, कपडे, जेवण, चहा करणं, माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं ऑक्युपेशनच. लहान मुलांकडेही जाते म्हणे. बुटाची लेस, डबा उघडणं, पेन्सिल धरणं वगैरे शिकवते. मला कुठल्या वर्गात बसवलंय ते कळलं.

मग विचारलं, तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचंय? एकच गोष्ट सांगा.

गणपती, म्हटलं.

आजोबांच्या काळापासून आमचा गणपती गिरगावातल्या याच खोलीत बसतो. थोरला म्हणून पूजा माझ्याकडे. यंदा धाकटा अवधूत म्हणतो, दादा, तुला तीन मजले उतरता येत नाहीत, हात चालत नाही, आपण माझ्याकडे खारघरला बसवू, लिफ्ट आहे. गणपतीला लिफ्ट कशाला? एकदा तिकडे गेला की परत यायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं: सत्तावीस ऑगस्टला मी उजव्या हाताने पूजा केली तर इथे, नाहीतर खारघर.

प्रश्नच नाही.

नूपुरने होमवर्क दिला. उजव्या हाताच्या चिमटीने राजम्याचा एकेक दाणा या वाटीतून त्या वाटीत. अक्षता उचलायच्यात ना, मग आधी राजमा, म्हणाली. संबंध कळला नाही. आमच्याकडे राजमा खातसुद्धा नाहीत, माझ्या बायकोला, कालिंदीला, मुद्दाम आणावा लागला.

दुसरी अट: घरातल्यांनी मदत करायची नाही. कालिंदीने मान डोलावली आणि मला पाणी पाजलं.

शुक्रवार, ११ जुलै

राजमा फत्ते. पूर्ण वाटी.

सुरुवात उजव्याने केली. पण तो एकाच दाण्याभोवती घोटाळत होता. म्हणून उचलण्याचं काम डाव्याकडे सोपवलं आणि उजव्याला देखरेखीला ठेवला. ऑफिसात असंच चालायचं. नूपुर आली तेव्हा निकाल सांगितला. प्रोसिजर तिने विचारली नाही.

मंगळवार, १५ जुलै

आजचा विषय शर्टाची बटणं. नूपुर गेल्यावर प्रॅक्टिसला बसलो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात झाला, निवला. मी वरच्याच बटणावर. हल्ली काजं फार चिंचोळी करतात. बटणंही निसरडी. पूर्वीच्या बटणांना पकड होती.

कालिंदी ओट्याशी उभी राहून बघत होती. शेवटी आली, राहू द्या हो, म्हणाली आणि सगळी लावून टाकली. मी विरोध केला. मनात.

शेजारचा दीपक आला. बँकेत आहे, सज्जन मुलगा. सकाळ-संध्याकाळ मला धरून गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत नेतो. नूपुरने यासाठी काठी दिली आहे. पण काठी घेतली तर दीपकला वाईट वाटेल. माणसं दुखवू नयेत.

रविवार, २० जुलै

संकल्प:
रोज पहाटे राजमा.
रोज स्वतः अंघोळ.
जिना उतरण्याचा सराव, निदान एक मजला.
अवधूतशी फोनवर शांतपणे बोलणे.

पहाट आज हुकली. उद्यापासून.

कालिंदी दुपारभर माझे शर्ट मांडीवर घेऊन सुई-दोरा करत बसली होती. काजं जरा सैल करते, म्हणाली. मी म्हटलं, दोष काजांचाच होता हे तुला पटलं एकदाचं.

मंगळवार, २२ जुलै

ऐतिहासिक दिवस.

शर्ट घातला. उजव्या हाताचा आंगठा वरच्या बटणावर टेकवला आणि दाबलं. टिच. लागलं! दुसरं, टिच. खालपर्यंत टिच टिच टिच. आंगठ्यात इतकी ताकद आली आहे की आवाज होतो. तरुणपणीही बटण लावताना माझा असा आवाज होत नसे.

कालिंदीला हाक मारून दाखवलं. ती बघत राहिली, मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. तिला आनंद सहन होत नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

नूपुरचा हट्ट, बटणं लावून दाखवा. मी म्हटलं, लावलेलीच आहेत, बघ. नाही, सोडून पुन्हा लावा, म्हणते. तरुण मुलीसमोर मी शर्ट काढणार नाही, असं बजावलं. मग तिने पिशवीतून एक फळी काढली, तिच्यावर कापड आणि बटणं. बालवाडीतली. त्या फळीला हात लावला नाही. प्रत्यक्ष शर्टावर प्रभुत्व असलेल्या माणसाने फळीवर का उतरावं?

नंतर जेवणावरून वाजलं. नूपुर लवकर आली आणि तिने कालिंदीला मला वरण-भात भरवताना पाहिलं. मला जाड मुठीचा चमचा आणून दिलाय, तो शोकेसमध्ये आहे. उजव्या हाताने चमचा हलतो, सांडतं. डाव्या हाताने मी जेवणार नाही, आमच्या घरात ते चालत नाही. तिने विचारलं, मग काकूंच्या हाताने चालतं?

जाताना दारात कालिंदीला म्हणाली, काकू, तुम्ही, दीपकदादा, समोरच्या आजी, तुम्ही सगळे इतके चांगले आहात ना, तोच प्रॉब्लेम आहे. काकांना चाळीने बसवून ठेवलंय.

बसवून ठेवलंय म्हणे. मी स्वतः बसलोय.

संध्याकाळी गॅलरीत खुर्चीवर. बसलं की कठड्याच्या गजांमधून रस्त्याचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यातून सगळं गिरगाव येतं-जातं. फेब्रुवारीपासून मी त्यात एकदाही गेलेलो नाही. कधी कधी वाटतं, ओरडावं. पण कशासाठी म्हणून ओरडायचं? खाली जायला काही काम तर हवं.

शनिवार, १६ ऑगस्ट

आजचा प्रसंग फक्त माहितीसाठी नोंदवतो.

कालिंदी दादरला मखराचं सामान आणायला गेली होती. खाली दहीहंडी, अख्खी चाळ खाली. घरात मी एकटा. विचार केला, ती यायच्या आत स्वतः कपडे बदलून तिला चकित करावं. अंगात हळदी रंगाचा झब्बा होता, त्याला बटणं फक्त गळ्याशी. डावा हात मागे नेऊन मानेकडून झब्बा ओढला. डोक्यापर्यंत आला. मग उजवा हात बाहीत अडकला, डावा त्याला सोडवायला आत गेला आणि तोही अडकला.

दोन्ही हात वर, डोकं आत. सगळं जग हळदी.

पलंग शोधत पाय फरपटत गेलो, कपाटाला लागलो. तिथेच उभा राहिलो. हाक मारली. खाली डीजे. पुन्हा मारली. खाली गोविंदा रे गोपाळा. मधे थर लागले असावेत, एकदम शांतता झाली. तेव्हा ओरडायचं सुचलं नाही. सुचलं तेव्हा डीजे पुन्हा सुरू.

आत गरम होतं. श्वास आपलाच आपल्या तोंडावर येतो. मला भीती वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. वाटलं, मी असाच राहणार. बाहेर हंडी फुटणार, गणपती येणार, जाणार, आणि मी झब्ब्यात.

कालिंदी आली तेव्हा तिने आधी किंकाळी फोडली. मग सोडवलं. मी सांगितलं, प्राणायाम करत होतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालिंदीने नूपुरला झब्ब्याचं सांगितलं. फितुरी.

नूपुर हसली नाही, हे तिच्या बाजूने लिहिलं पाहिजे. म्हणाली, घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला हात, एवढं लक्षात ठेवा, पुन्हा अडकणार नाही. करून दाखवलं. सोपं आहे. इतकं सोपं की मला स्वतःला सुचणारच होतं.

मग राजम्याची वाटी पुढे ठेवली. माझ्यासमोर करा, म्हणाली. मला एकदम चक्कर आल्यासारखं झालं. तिने पाणी दिलं आणि वाटी तिथेच ठेवून गेली. गणपतीला आठ दिवस आहेत काका, एवढंच म्हणाली.

मला माहीत आहे किती दिवस आहेत ते.

रविवार, २४ ऑगस्ट

अवधूत आला. सोवळं आणि सोनेरी बटणांचा सिल्कचा झब्बा घेऊन आला. हल्ली कोणी पूजेला उघडं बसत नाही, म्हणाला. कसलं सुंदर कापड. मनाने चांगला आहे, फक्त खारघरला राहतो.

त्याच्यासमोर शर्टाची बटणं सोडून पुन्हा लावली. टिच टिच टिच. तोंडाचा आ झाला. दादा, कमाल केलीस, म्हणाला. मूर्तिकाराला फोन करून पत्ता गिरगावचाच सांगितला.

जिंकलो.

मंगळवार, २६ ऑगस्ट
हरतालिका

सगळं तयार. मखर झालं. दीपक आणि अवधूत मिळून मूर्ती तीन मजले वर घेऊन आले, मी गॅलरीतून सूचना दिल्या.

उद्याचा क्रम मनात तीनदा घोकला. कालिंदी रीतीप्रमाणे शेजारी बसून माझ्या हाताला हात लावील, बाकी सर्व मी. नूपुरचा फोन आला, राजमा केलात का? म्हटलं, राजम्याच्या पुढे गेलोय.

नवीन झब्बा घालून बघू का, असं कालिंदीला विचारलं. ती म्हणाली, नको, उद्याच घाला, कोरा राहू दे. आवाज जरा चमत्कारिक वाटला. उपासाने असेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

गुरुजी लवकर आले. अजून चार घरं आहेत म्हणाले.

झब्बा घातला, आधी दुखरा हात. व्यवस्थित. मग सोनेरी बटण. आंगठा टेकवला, दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. टिच होईना. पाचही बटणं दाबून पाहिली. बाहेरून गुरुजी म्हणाले, यजमान, या. अवधूत म्हणाला, दादा, झालं का?

कालिंदी आत आली, दार लोटलं. माझ्यासमोर उभी राहून बटणं लावू लागली आणि खाली मान घालून हळूच म्हणाली, अहो, तुमच्या सगळ्या शर्टांना मी टिचबटणं लावलीत. वरची बटणं नुसती शिवलेली आहेत, शोभेला. तुम्ही त्या दिवशी भात निवेपर्यंत बसला होतात. तुमचा चेहरा बघवेना मला.

बाहेर गेलो. चौरंगासमोर बसलो.

आचमनाचं पाणी तळहातावर थांबलं नाही. गुरुजी पुढे गेले. अक्षता, म्हणाले. उजवा हात तबकात नेला. चिमूट केली. केली असं मला वाटलं. वर आणली तर रिकामी. गुरुजींनी मंत्र लांबवला. पुन्हा नेली. तांदूळ बोटांना लागत होते आणि राहत होते तिथेच. मागे अवधूत उभा. सगळी चाळ दारात. मूर्ती समोर, डोळे उघडे.

गुरुजी म्हणाले, वहिनी, हाताला हात लावा.

कालिंदीने हात लावला. मनगटाला लावतात तसा नाही. माझ्या उपरण्याच्या पदराखालून तिची बोटं माझ्या बोटांखाली आली, तिने अक्षता उचलल्या, माझा हात वर नेला, वाहिल्या. मग दूर्वा. मग फुलं. शेवटपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला पूजा मीच करत होतो.

आरती झाली. अवधूत पाया पडला. दादा, जमवलंस तू. पुढच्या वर्षीही इथेच, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

कालिंदीने मोदक भरवला. गोड लागला नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काही नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

नूपुर दर्शनाला आली. साडी नेसून आली होती, आधी ओळखलीच नाही. दूर्वा वाहिल्या, मग माझ्याजवळ बसली. विचारलं, काका, कशी झाली पूजा?

म्हटलं, कालिंदीने केली.

कालिंदी प्रसाद देता देता थांबली. मी नूपुरला सगळं सांगितलं. टिचबटणं, देखरेखीला ठेवलेला उजवा हात, सगळं. तिने रागवावं अशी माझी अपेक्षा होती. ती एवढंच म्हणाली, मग आता खरं कुठून सुरू करायचं?

राजम्याची वाटी सणाच्या आवराआवरीत कपाटावर गेली होती. ती काढून नूपुरसमोर बसलो. एक दाणा वाटीच्या काठापर्यंत आला आणि पडला. तो सोडून एकही नाही. ती म्हणाली, काठापर्यंत आला ना. मी म्हटलं, पडला. ती म्हणाली, हो, पडला.

मग मी कालिंदीला सांगितलं, एका शर्टाची ती टिचबटणं काढ आणि खरी काजं कर. ती म्हणाली, सणाचे दिवस आहेत, माणसं येतायत, गौरी जाऊ देत. मी म्हटलं, आत्ता. तिला रडू आलं. नूपुर तिच्या शेजारी जाऊन बसली. मग कालिंदीने कात्री आणली.

नूपुरने दाखवलं: कापड डाव्याने धरायचं, उजव्या आंगठ्याने नुसतं ढकलायचं, दोन्ही हातांनी मिळून. आणि निघून गेली.

संध्याकाळी ६

दर्शनाला माणसं येतायत. मी गॅलरीच्या खुर्चीवर, शर्ट उघडाच. समोरच्या आजींनी विचारलं, उकडतंय का रे? हो, म्हटलं.

दीपकने हात पुढे केला. नको, म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं. कालिंदी दोनदा जवळ आली आणि हात मागे घेऊन आत गेली. आता ती ओट्याशी पाठ करून उभी आहे, बघत नाही.

पहिल्या बटणावर आहे. लिहिण्यापुरता थांबलो.