प्लास्टर निघेपर्यंत

ता. ९ मे

प्रिय ठमे,
स. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सुखरूप काही नाही. तुझा दादा आल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसलाय. समुद्रावरच्या त्या छोट्या घरात आपली दोन्ही बिऱ्हाडं वर्षातून एकदा एकत्र राहतात, आणि शेवटच्या दिवशी हे मेहुणे-मेहुणे वाळूत कुस्ती खेळतात. हरेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. दरवर्षी भावोजी हरतात आणि तुझा दादाच त्यांना भांडी विसळू लागतो. मग यंदा याच्या अंगात काय आलं?

मला सारखं तेच दिसतं. दादानं भावोजींना पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि उजवा हात मागे पिरगाळला. ते ओरडले तेव्हा मला वाटलं, नेहमीचं नाटक चाललंय. मी टाळ्या वाजवत होते गं! तुझी पिटुकली पंचासारखी आकडे मोजत होती. मग ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तरी यानं हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यांचं तोंड वाळूत दाबून धरलं. मी केस धरून मागे खेचलं तेव्हा कुठे उठला. भावोजींच्या नाकातून वाळू आणि रक्त एकत्रच येत होतं, आणि पोरगी अजून मोजतच होती.

काल पोलीस येऊन गेले. भावोजींनी तक्रार दिलीय आणि तो त्यांचा हक्कच आहे. दादा एवढंच म्हणाला की खेळता खेळता डोकं फिरलं. शाळेनं त्याला घरी बसवलंय. खेळाच्या सरांनीच हाडं मोडायला लागावं, तर पालक गप्प बसतील होय? वकील म्हणतात, कारण सांगितलं नाही तर तुरुंग चुकत नाही. तुला काही ठाऊक असेल तर कळव. शपथ घालत नाही, तू शपथा मोडण्यात पटाईत आहेस.

भावोजींची चौकशी करायला लाज वाटते, तरी करते. आपल्यातला लोभ तरी वाळूत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

ता. १६ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यांच्या हाताला दोन ठिकाणी मोडलंय, कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर आहे. चष्म्याचं दुकान तात्पुरतं नोकरावर सोडलंय. गिऱ्हाइकं घरी येऊन फळं ठेवून जातात. हे चष्मा चढवताना समोरच्याचा एक केस कानामागे अडकू देत नाहीत. अशा माणसावर हात टाकताना दादाला काहीच कसं वाटलं नाही, असं सगळे विचारतात.

मला काही ठाऊक नाही. दादा लहानपणापासूनच तापट आहे. त्यानं इथे येऊन, यांचे पाय धरून माफी मागावी, म्हणजे हेही मोठ्या मनानं विचार करतील. तक्रार मागे घ्या असं मी यांना सांगणार नाही आणि तूही सुचवू नकोस. फोनही करू नकोस, यांना त्रास होतो.

पिटुकली बरी आहे. तुझ्या दातांच्या दवाखान्यात गर्दी आहे का? मी शिवणाच्या दुकानात जायला लागलेय, पडद्यांचं मोठं काम आलंय.

हे पत्र यांनी वाचलंय. नीट लिहिलंस, म्हणाले. त्यांचाही नमस्कार. लोभ आहे तसाच राहो.

आपली,
ठमी

ता. २४ मे

ठमे,

नमस्कार-चमत्कार राहू देत. हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानात पाठवतेय.

निघण्याच्या गडबडीत आपले धुण्याचे कपडे एकत्र कोंबले होते, आठवतं? ती पिशवी पलंगाखाली तशीच पडली होती. काल दवाखान्यातून दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून आले आणि म्हटलं, निदान धुणं तरी उरकावं. त्यात तुझा निळा ब्लाउज निघाला. पाठीला आतून रक्त वाळून कडक झालंय. कापड उलटवलं तर चामडीचा पापुद्रा चिकटलेला.

दादापुढे तो ब्लाउज नुसता धरला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला आणि मग सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी तू दोरीवर कपडे घालत होतीस, वाऱ्यानं तुझ्या अंगातला सदरा वर उडाला आणि यानं तुझी पाठ पाहिली. तू त्याचे पाय धरलेस आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतलास. हा शहाणा म्हणतो, सांगणार नाही एवढाच शब्द दिला होता, हात लावणार नाही असा नव्हता. तो शब्द घेऊन हा तुरुंगात जाईल ठमे. तुझा दादा आहे, मोडेल पण कोर्टात बोलणार नाही.

आणि मी! सगळी सुट्टीभर तुला टोमणे मारले, की महाराणी पाण्यात उतरत नाहीत, महाराणींना लांब बाह्याच लागतात. माझी जीभ झडली का नाही? भावोजी मला ताटं पुसून देत होते आणि मी, नवरा असावा तर असा, म्हणून दादाला डिवचत होते. आता ते समोर आले तर दुसरा हात मी मोडीन.

ब्लाउज मी धुतलेला नाही. पण तो घेऊन तुझ्या मागे कुठे जाणारही नाही. बोलायचं ते तुझ्या तोंडानं. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला सुनावणी आहे. मी तुझ्यावर रागावलेय आणि तुझ्यासाठी जीव तुटतोय, दोन्ही खरं आहे.

वहिनी

ता. २ जून

वहिनी,

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि शेगडीत टाकलं. हेही इथूनच लिहितेय.

खरं आहे. पट्ट्यानं मारतात, बकलाच्या बाजूनं. त्या सुट्टीत भाजी खारट झाली तेव्हा तुम्ही सगळे हसलात, आणि मीही हसले, त्याबद्दल होतं ते. तोंडावर कधी मारत नाहीत. ओरडायचं नाही हा नियम आहे. ओरडलं की जास्त.

तुला एक सांगते, मला वाईट म्हण हवं तर. दादा तुरुंगाच्या दारात उभा आहे आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा इतकी शांत झोपतेय. परवा दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपले. दचकून उठले, तर काहीच झालेलं नव्हतं. प्लास्टर आहे तोवर पट्टा कमरेतून निघत नाही.

पण माणूस शिकतो. रविवारी त्यांनी डाव्या हातानं इस्त्री फेकली. नेम चुकला, भिंतीचा पोपडा उडाला आणि पिटुकलीला हसू आलं. ती हसली म्हणून त्यांनी प्लास्टरचा हात तिच्या डोक्यात घातला. कानाच्या वर फुटलं, टाके पडले. दवाखान्यात मी सांगितलं, झोपाळ्यावरून पडली. नंतर परिचारिकेनं तिला एकटीला विचारलं, तर तिनंही झोपाळाच सांगितला. मी तिला शिकवलं नव्हतं गं वहिनी.

शुक्रवारी प्लास्टर निघणार. मला दादाला वाचवायचंय. पण बोलल्यावर रात्री यायचं याच घरात, आणि गिऱ्हाइकं फळं आणतात त्या माणसाविरुद्ध माझं कोण ऐकणार? मी भित्री आहे. मला शिव्या घाल, पण सोडू नकोस.

ठमी

ता. ४ जून

ठमे,

शिव्या भेटल्यावर घालीन, साठवून ठेवल्यात. पोरीला घे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नीघ. दादा म्हणतो, शब्द पाळायचा की नाही ते तू ठरव, पण आधी ये. त्याच्या खटल्याचं काय व्हायचं ते होवो.

वहिनी

ता. ८ जून

वहिनी,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी कोलमडेन, आणि सध्या मला उभं राहायचंय.

मी निघणार होते. धीर झाला नाही. शुक्रवारी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले, पिटुकलीचे टाकेही त्याच दिवशी काढायचे होते. डॉक्टरांनी करवतीनं प्लास्टर कापलं. हात बारीक, पांढरा झाला होता. मूठ वळवायला सांगितली, त्यानं वळवली. मग डॉक्टर हसत म्हणाले की बाईंचा हात धरा आणि दाबा, बघू ताकद कितपत आलीय.

त्यानं माझा हात धरला. डॉक्टरांकडे बघून छान हसला आणि दाबायला लागला. मी हळूच सोडा म्हटलं. तो डॉक्टरांना म्हणाला की जमतंय की. माझ्या बोटांत काहीतरी कटकन मोडलं. त्याला कळलं, आणि त्यानं आणखी दाबलं.

मी ओरडले. वहिनी, मी ओरडले! इतक्या वर्षांचं ओरडणं एकदम बाहेर आलं आणि मला ते थांबवता येईना. सगळा दवाखाना दारात गोळा झाला. तो घाबरून हात सोडत म्हणाला की ही जरा वेडसर आहे. मग मी डॉक्टरांकडे पाठ फिरवली आणि ब्लाउजचे हुक तोडले. जुने वळ, सुट्टीतले वळ, सगळे दाखवले. पिटुकलीनं कानावरचे केस बाजूला केले, टेबलावर पडलेल्या प्लास्टरकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की झोपाळा नव्हता, हे होतं.

त्यानं तिथेच, सगळ्यांसमोर, माझे केस धरले आणि माझं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. मग तिघांनी मिळून त्याला खाली पाडलं. पोलिसांना मी सगळं सांगितलं, पहिल्या वर्षापासून. सुट्टीतलंही सांगितलं. दादानं केलं ते बरोबर होतं असं मी म्हटलं नाही, पण का केलं ते लिहून दिलं. तुमच्या वकिलांना त्याची प्रत मिळेल. पंधरा तारखेला न्यायाधीशांसमोर मी स्वतः बोलणार आहे. दादाला शब्दातून मोकळं केलं म्हणून सांग.

दोन बोटं मोडलीत, कपाळाला टाके आहेत. पुन्हा शिवता येईल का, ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. त्याला अटक झालीय, पण उद्या-परवा जामीन होईल असं हवालदार म्हणाले, आणि तो पहिला मला शोधेल हे मला ठाऊक आहे. म्हणून आज संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. मी अजून भितेच आहे, पण गाडीत बसणार आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या दाराखालून मीच सरकवीन. उत्तर पाठवू नकोस. दार उघड.

तुझी,
ठमी