गुरुवारची सुई आणि माझी घेरी

ती. ताई यांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची सूज आता उतरली असेल. आम्ही दोघं मजेत आहोत. (हे सवयीने लिहिलं. पुढे वाचालच.)

तुमची बहीण गेल्यापासून तुमच्या भाचीच्या सांध्यांचं दर गुरुवारचं इंजेक्शन माझ्याकडे आलं आहे. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर मोहरीएवढे स्क्रू बसवतो, त्यामुळे आपला हात स्थिर आहे अशी माझी समजूत होती. नर्सबाईंनी बजावलं होतं की मुलीशी खोटं बोलू नका, तासभर आधी बधिर करणारं मलम लावा आणि कोणत्या मांडीवर घ्यायचं ते तिला ठरवू द्या. मी सगळं मनापासून केलं, फक्त क्रम चुकला. डाव्या मांडीला मलम लावून तास झाल्यावर मोठ्या उदारपणे विचारलं, कोणती मांडी? तिने उजवी सांगितली. पुन्हा मलम, पुन्हा तास. तोवर तिला धीर देऊन देऊन माझा घसा सुकला आणि सुई हातात घेताच मलाच घेरी आली. मी फरशीवर बसलो. तिने पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, तू तिकडे बघूच नकोस. लांब श्वास घे." नर्सबाईंची सगळी शिकवण तिने माझ्यावर वापरली. इंजेक्शन तेवढं राहिलं. ते शुक्रवारी दवाखान्यात घेतलं. शाबासकीचं स्टिकर नर्सबाईंनी माझ्या खिशावर चिकटवलं.

उद्या पुन्हा गुरुवार. डोस चुकला तर सांधे सुजतील, असं डॉक्टर म्हणतात.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. ती म्हणते, आई करायची तसं कर, मग घेते. तसं म्हणजे कसं, हे मला ठाऊक नाही. त्या वेळी मी नेमका गॅलरीत कपडे वाळत घालायचो. (एकाच टॉवेलला आठ चिमटे.) हे तिला सांगायची लाज वाटते. सुट्टीत आमच्याकडे आला होता तेव्हा तुम्ही आत त्यांच्याजवळ होता. तुमची बहीण काय करायची, तेवढं कळवा.

आणखी एक. पत्र टेबलावर राहिलं, ते तिने वाचलं. खूप हसली. आई मोजताना मुद्दाम चुकायची म्हणे: एक, दोन, सात. ही भांडायला लागेपर्यंत काम झालेलं असायचं. आज गुरुवारी मी एक, दोन म्हटलं आणि पुढचं तोंडातून निघेना. "सात, बाबा," तिनेच सांगितलं. इंजेक्शन झालं. रडलं एकच जण, ती नव्हे. तेव्हा आता कळवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी या. तुमच्या बहिणीबद्दल मला अजून बरंच विचारायचं आहे.