शिंपडे सर की बुडवे सर

३ जून, सोमवार
पंथ निवडा! कॉलेजच्या कारकूनबाईंनी खिडकीतूनच सुनावलं. चर्चच्या पाळकाच्या पदवीला दुसऱ्या वर्षी एक पंथ विशेष विषय म्हणून घ्यावा लागतो. ‘आठवड्याभरात सांगा, नाहीतर जागा असेल तिथे घालीन.’ — जणू मी खुर्ची आहे.
मला काय अवघड? पपा मेथडिस्ट पाळक, आजोबाही तेच.

५ जून
अवघड आहे. बाकी सगळा वर्ग पेंटेकॉस्टलकडे गेला, तिथे गिटार आहे. मेथडिस्टच्या आणि बाप्टिस्टच्या सरांकडे एकही विद्यार्थी नाही. मी जाईन तो वर्ग चालणार, दुसऱ्याला कुलूप. मेथडिस्ट डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, बाप्टिस्ट अख्खा माणूस बुडवतात — म्हणून मुलांनी त्यांना शिंपडे सर आणि बुडवे सर करून टाकलंय. दोघं बसतात एकाच खोलीत.

६ जून
शिंपडे सरांनी चहा पाजला. बुडवे सरांनी चहा आणि केक. मग शिंपडे सरांनी माझी पिशवी फाटकापर्यंत उचलली. लाजच वाटली.

७ जून, शुक्रवार
बुडवे सर मला बाप्तिस्म्याचा हौद दाखवायला घेऊन गेले. नळ बिघडलेला, हौद कोरडा ठणठणीत. तरी सर आत उतरले, ‘कसं बुडवतात बघा’ म्हणून मागे झुकले आणि कंबर धरली. उठता येईना. शिंपडे सर धावत आले, काठावर उभे राहून म्हणाले, ‘नुसतं शिंपडलं असतं तर ही वेळ आली नसती.’
‘वर काढा, मग वाद घाला,’ आतून आवाज.
आम्ही दोघांनी काखेत हात घालून काढलं. हसू आवरता आवरेना, आणि दोघांपैकी एकालाही नाही म्हणवेना.

८ जून
बुडवे सर पडून आहेत. शिंपडे सर डबा घेऊन गेले. मला म्हणाले, ‘याचा तुमच्या निवडीशी संबंध नाही हं.’

९ जून, रविवार
पपांना फोन. ‘तुझं तू ठरव,’ एवढंच. आवाज तुटक. दुखावले असणार — विचारायची वेळच का आली म्हणून. पपांचं मन नाही मोडायचं.

१० जून
मेथडिस्ट. कारकूनबाईंनी मान वर न करता लिहून घेतलं.

१३ जून
पहिला तास. बुडवे सर कमरेला पट्टा बांधून मागच्या बाकावर येऊन बसले. ‘नाहीतरी रिकामाच आहे.’ तासभर हरकती घेतल्या. शिंपडे सर इतके खुलले की घंटा झाली तरी थांबेनात.

१४ जून
पपांचा फोन. ‘ठरवलंस ना? आता सांगायला हरकत नाही. कित्येक वर्षं मनात होतं, तुझ्यावर दडपण नको म्हणून थांबलो होतो. मी बाप्टिस्ट होतोय. रविवारी बुडून बाप्तिस्मा.’
मागून आई — ‘तिला म्हणावं टॉवेल धरायला ये.’