जनरेटर आपणच दुरुस्त करणार

११ ऑगस्ट, सकाळ
वीज कंपनीचा मेसेज आला. पुढच्या सोमवारी लाईन बदलणार, दिवसभर वीज नाही. माझ्या वडिलांचं, दादांचं, ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. बायको म्हणाली, मागच्या शेडमधला जनरेटर मेकॅनिकला दाखवून घेऊ. मी ठाम नकार दिला. घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? दादा मला लहानपणापासून आरंभशूर म्हणत आलेत. या खेपेस तडीस नेणार.

१२ ऑगस्ट
दोरी ओढली. इंजिन ढिम्म. व्हिडिओत सांगतात तसं जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. पुन्हा ढिम्म. कार्बोरेटर उघडून धुतला आणि परत बसवला. एक स्क्रू उरला. कंपन्या एखादा जादा देतच असतील.

१४ ऑगस्ट
प्लग तपासला. ठिणगी दिसली नाही, पण मला झटका बसला, म्हणजे स्पार्क आहे. निम्मं निदान झालं. दादा खिडकीतून बघत होते. मला वाटलं, हसताहेत. बायको आतून म्हणाली, हसत नाहीत, धाप लागलीय, मशीन जरा वाढव.
दादांचा ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरून आणायचा राहिला. जनरेटर चालू होणारच आहे, मग सिलिंडरचं काय काम?

१६ ऑगस्ट, दुपार
बायकोने माझ्या नकळत मेकॅनिकला बोलावलं. फाटकाशीच गाठला. सुरू झालाय म्हणून सांगितलं. खोटं नव्हे, फक्त दोन दिवस आधी सांगितलं. तो निघून गेला. बायकोला म्हटलं, तो आलाच नाही, हल्ली कारागिरांना शब्दाची किंमत नाही.

१७ ऑगस्ट
आज इंजिन एकदा फटफटलं. पांढरा धूर आला. फारच आशादायक. त्यानंतर आवाज नाही, पण इंजिनालाही विश्रांती लागते. उद्या सकाळी थंड डोक्याने बघू.

१८ ऑगस्ट, सकाळ
वीज वेळेवर गेली. या एका बाबतीत कंपनी शिस्तीची.
चोक ओढला. दोरी ओढली. ओढत राहिलो. दोरी तुटून हातात आली. आतून बायकोच्या हाका. सिलिंडर लावला, तर काटा तळाला. तिने विचारलं, तू भरून आणला होतास ना? मी म्हटलं, प्लग बदलून बघतो.
तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
दादा अतिदक्षता विभागात. डॉक्टरांनी विचारलं, घरी पर्यायी सोय नव्हती का? मी लाईन बदलण्याच्या बेजबाबदार वेळेबद्दल बोललो. ते ऐकून घेत होते, मग मध्येच उठून गेले. बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिला मेकॅनिकचा फोन आला होता. साहेब म्हणाले जनरेटर चालू आहे, म्हणून मी परत गेलो, असं त्याने सांगितलं.
घरी गेल्यावर नवी दोरी बसवावी, असा विचार आहे.

२० ऑगस्ट
दोरी बसवली नाही. शेडकडे गेलोच नाही.
आज दादांना भेटायला सोडलं. डॉक्टरांनी आधी बाहेर बोलावून सांगितलं, फुप्फुसं थकलीत, मनाची तयारी ठेवा. दादा शुद्धीवर होते. मास्क थोडा बाजूला सरकवून त्यांनी विचारलं,
"सुरू झाला का रे?"
मी म्हटलं, "हो दादा. एका ओढीत."
त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान आलं. माझा हात दोनदा थोपटला. म्हणाले,
"मग चल, घरी ने मला."
मी मास्क नीट बसवला. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं, ते बरं झालं.
बाहेर बायकोने विचारलं, काय म्हणाले?
काही नाही म्हटलं.