लाडोबाची आच

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॉफी भाजायचं यंत्र सुखरूप पोचलं. ड्रमचा एक स्क्रू वाटेत सैल झाला होता, तो बाबांनी पिळून बसवला. तुझं बांधणं सोडता सोडता त्यांची दमछाक झाली. म्हणाले, हिच्या लग्नात आम्ही हिलासुद्धा एवढं जपून पाठवलं नव्हतं.

मागच्या खोलीत खिडकीशी ठेवलंय. सकाळी तिथे तिरकं ऊन येतं आणि बियांची सुटलेली फोलपटं त्यात तरंगत राहतात. खाली पडायची त्यांना घाईच नसते. मी बघत बसते, मग दचकून आठवतं की आच कमी करायची होती.

हात दुखतो म्हणून तू यंत्र माझ्याकडे दिलंस, हे अजून खरं वाटत नाही. बाबांना तू त्याची धूळही पुसू द्यायची नाहीस. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला भेटून आले. इतकी वर्षं तो तू भाजून पाठवलेल्या कॉफीवर दुकान चालवतोय. म्हणाला, आत्याबाईंनी दोन्ही जातींना पास म्हटलं की तुझा माल घेईन, त्याआधी एक बीसुद्धा नको. बरोबरच आहे त्याचं. पण आत्या, मला हे काम हवंय. इतकं हवंय की रिकामा वजनकाटासुद्धा पुन्हा पुन्हा तपासते.

दोन जातींतली ‘कडक म्हातारी’ तुझ्या आकड्यांवर छान भाजली गेली. उंचावरची घट्ट बी, पहिल्यापासून मोठी आच दिली तरी हूं की चूं करत नाही. ‘लाडोबा’ मात्र छळतोय. फळासकट वाळवलेला, अंगात साखर. म्हातारीची आच त्याला लावली की पाठीवर काळे डाग. त्याच्यासाठी आच किती खाली आणू आणि पंखा कधी वाढवू, नक्की कळव. कृपा करून ‘साधारण’ असं लिहू नकोस. त्या शब्दाने मला झोप येत नाही.

लोभ आहेच, तो मंद आचेवर राहू दे.

तुझी,
मोजपट्टी


९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांग, माझ्या लग्नात तो जेवून झोपला होता, मला कसं पाठवलं ते त्याला काय माहीत.

लाडोबाला दटावून चालत नाही. सुरुवातीला आचेचं बटण म्हातारीपेक्षा दोन घरं खाली ठेव. पिवळा पडेपर्यंत गोंजार, मग थोडी आच चढव. तडतड सुरू झाली की आच उतरवायची आणि पंखा वाढवायचा, त्याची फोलपटं जास्त असतात. म्हातारीची तडतड कडाकडा, सगळ्याजणी एकदम. लाडोबा कुरकुरतो, एक इकडे, एक तिकडे. आणि हे आकडे माझ्या थंड खोलीतले आहेत. तुमची खिडकी उन्हात आहे, तेव्हा एखादं घर इकडेतिकडे होईल. साधारण.

नमुने पाठव. म्हातारीच्या पुडीला लाल दोरा, लाडोबाच्या पुडीला पांढरा.

इथे सकाळी धुकं असतं. खिडकी उघडली की समोरचं झाड नसतंच, मग ते हळूहळू परत येतं. यंत्राचा कोपरा रिकामा झालाय, पण मी अजून त्याला वळसा घालून जाते.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि मला विसरू नकोस.

आत्या


२४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पुड्या मिळाल्या. दोन्ही पास. म्हातारी नेहमीसारखी खणखणीत. लाडोबाची पुडी उघडली आणि पिकल्या फळाचा वास घरभर झाला. आता मला काही विचारत बसू नकोस. हे पत्र कॉफीवाल्याला दाखव आणि कामाला लाग.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

आत्या


१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पास झाल्याचा आनंद मला एक दुपारभर पुरला. संध्याकाळी फळी आवरताना पांढऱ्या दोऱ्याची पुडी हाताला लागली. चांगला लाडोबा इथेच राहिला होता. तुझ्याकडे गेला तो आधीचा, करपलेला. कुंडीत टाकायला म्हणून बाजूला ठेवला होता, पण जातीप्रमाणे दोरा बांधल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून त्यालाही पांढरा बांधला होता. तो भाजताना बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं होतं, काय जळतंय म्हणून.

आधी वाटलं, तू मायेने पास केलंस. पण तू तशी नाहीस. बाबांनी त्यांच्या वाढदिवसाला केलेल्या कॉफीलाही तू चिखल म्हणाली होतीस. मग हिवाळ्यातला तुझा ताप आठवला. यंत्र तू त्यानंतरच इकडे पाठवलंस, हात दुखतो म्हणून. आणि तुझं अक्षर तर जराही हललेलं नाही.

कॉफीवाल्याला पत्र दाखवलं तर काम आजच मिळेल. मी दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. आत्या, तुला वास येत नाही का? मी चुकीचं विचारत असेन तर रागव, पण उत्तर दे.

लोभ कमी करू नकोस, एवढंच मागते.

मोजपट्टी


८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस घरात भांडी आपटली. मग भांड्यांचं काय चुकलं असं वाटून थांबले.

ताप उतरल्यावर एका सकाळी बियांचा डबा उघडला. बिया होत्या, वास नव्हता. नाक चोंदलं असेल म्हणून वाट पाहिली. डॉक्टर म्हणतात, येईलही, न येईलही. स्वप्नात येतो कधी कधी. मी त्या खोलीत असते, ड्रम फिरत असतो, आणि इतका दाट वास की हाताने बाजूला सारावा लागतो. जाग आली की थोडा वेळ उशीत नाक खुपसून पडते.

सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी प्रेमाने माझी चौकशी केली असती, आणि बी कशी भाजली गेलीय हे मला पुन्हा कुणी विचारलं नसतं. ते एक मला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून पुडी न हुंगता पास केली. तुझ्यावर विश्वास होता, पण तुझं काम मी बघितलंच नाही, हे खरं.

कॉफीवाल्याला सांग, आत्या थकली. त्याने स्वतः चाखून ठरवावं. नमुने आता इकडे नकोत.

माझ्यासारखी होऊ नकोस, बाकी सगळं चालेल.

आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॉफीवाल्याला सगळं खरं सांगितलं. त्याने गल्ला बंद केला. म्हणाला, चाखून बिघडलंय एवढं मला कळेल, कशाने बिघडलं ते आत्याबाईंनाच कळतं. तुझ्या निकालासाठी तो थांबतोय.

तुझं फेब्रुवारीतलं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. म्हातारी कडाकडा, लाडोबा कुरकुरतो. त्यात नाकाचं नावही नाही, आत्या. आणि मला आठवलं, तू यंत्राकडे पाठ करून कप विसळत असायचीस आणि मध्येच म्हणायचीस, आता. मला वाटायचं, वासावरून.

कालचा लाडोबा भाजतानाचा आवाज अख्खा तुझ्या फोनवर पाठवलाय. डोळे मिटून ऐक. वास मी लिहिते. आधी ओल्या गवताचा. मग पाव भाजल्याचा. तडतडीनंतर उन्हात फुटलेल्या फळाचा, आणि अगदी मागे, जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा काहीतरी. मला तो चांगला वाटला. म्हणूनच भीती वाटते.

पास की नापास, तेवढं कळव. लोभाचं नंतर बघू.

मोजपट्टी


१९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

नापास.

तडतड सुरू झाली आणि तू घाबरून आच एकदम उतरवलीस. लाडोबा मध्येच गप्प झाला, ऐकू आलं मला. एक बी फोडून बघ, आतून फिकी असेल. एकेक घर उतरवायचं, जिना उतरतो तसं. आणि पंखा वाढवायला उशीर केलास. फोलपटं ड्रममध्ये सुक्या पानांसारखी घासत होती. म्हातारीच्या वेळी हे खपलं असतं, याला खपत नाही.

पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटच्या वेळी तुझ्या वासाच्या ओळी वाचत वाचत ऐकलं. वास आला असं लिहिणार नाही, खोटं आता पुरे. पण तडतड सुरू झाली तेव्हा माझा हात आपोआप बटणाकडे गेला, आणि तिथे तो रिकामा कोपरा होता. तशीच हात पुढे करून थोडा वेळ उभी राहिले. बरं वाटलं.

महिनाअखेरीला येते. खिडकीशी खुर्ची ठेव, यंत्राकडे पाठ करून. नाक तुझं, कान माझे. आणि तुझ्या बापाला सांग, तोंड त्याचं, पण बंद.

लोभ एकदम चढवू नकोस, डाग पडतात.

तुझी,
आत्या