बाबांची तुरटी

मस्कत, ९ जून २०१४

तीर्थरूप आईस, प्रल्हादचा नमस्कार.

आजवर मायन्यात बाबांच्या मागोमाग तुझं नाव यायचं. आज तुझं एकटीचं लिहिलं.

मी नीट पोचलो. डोक्यावर केस उगवू लागलेत. ऑफिसात कुणी फार विचारलं नाही, ते बरंच झालं.

पाकिटावर हैदराबादच्या खाली तेलंगणा लिहिताना हात अडला. काचीगुड्याचं घर न सोडता बाबांनी निजामाचं, आंध्रचं आणि आता हे तिसरं राज्य पाहिलं असतं, पंधरा दिवस कमी पडले.

गुडघा कसा आहे? शेजारची निर्मला संध्याकाळी येऊन बसते ना? रात्रीचं जेवण टाळू नकोस.

एक सांगायचं राहिलं. हरवू नये म्हणून तू बाबांचा दाढीचा डबा मोठ्या बॅगेतून काढून माझ्या हातातल्या पिशवीत ठेवलास. एअरपोर्टवर तपासणीत तो उघडला. त्यांची शेवटची दाढी मीच केली होती आणि पातं धुवायचं राहिलं होतं. पांढरे खुंट तसेच चिकटलेले. तपासणारा माझ्या तासलेल्या डोक्याकडे बघून हळूच म्हणाला, "ब्लेड नक्को साब, बाकी रख लेव." पातं मी माझ्या हातानेच टाकलं. अस्थी सोडल्यावर मागे वळून पाहिलं नव्हतं, तिथे पाहिलं. तुझी काही चूक नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

तुरटी मात्र आली. बाबांच्या हनुवटीने तिला खळगा पडलाय. काल इथलं पातं घालून दाढी केली आणि तुरटी ओली करून लावली. माझी हनुवटी त्या खळग्यात बरोबर बसली.

तुझा,
प्रल्हाद