जावयाला ‘थांब’ कोण म्हणणार

६ जानेवारी ५८, सोमवार. परभणी
मिस्त्री आज सकाळच्या गाडीनं मुंबईला परत गेला. जाताना बॅटरीगाडी माझ्या हवाली करून गेला. गोदामाचा बाबू मी, म्हणजे आजपासून ही कटकटही माझी.

शेटजींनी गोदीतली जुनी गाडी विकत आणली आहे. पुढं लोखंडाचे दोन लांब दात. त्यांवर कापसाची गासडी उचलते आणि डोक्याच्या वर नेऊन थप्पीवर ठेवते. हमाल त्या दातांना शिंगं म्हणायला लागलेत. धूर नाही, आवाज नाही. मला तेच खटकतं. पाठीमागून आली तरी कळणार नाही. भोंगा आहे, पण मुंबईहून आला तोच मुका. मिस्त्री म्हणाला, पार्ट पाठवतो. पाठवेल तेव्हा खरं.

चालवायला किसन. आधी आमच्याच जिनिंग कारखान्याचा बैलगाडीवान. हाताला वळण आहे, मिस्त्रीनं शिकवलेलं झटकन उचललं. हमालांचा मुकादम मारोती त्याचा सासरा. गाडी किसनला द्यावी म्हणून शब्द त्यानंच टाकला होता.

७ जाने.
जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून सांगितलं. गाडी चालताना शिंगं जमिनीलगत. शिंगांवर बसून कुणी मिरवायचं नाही. माल वर उचललेला असताना खाली उभं राहायचं नाही. गासडी पुढं असली की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, तेव्हा गाडी उलटी घ्यायची, मान वळवून मागं बघत न्यायची. बॅटरी बाहेर पत्र्याच्या शेडात चार्ज होईल, तिथं बिडी बंद. कापसाला ठिणगी पुरते हे यांना मी सांगावं!

सगळ्यांनी माना हलवल्या. हलवलेल्या माना मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या.

मधल्या वळणाचं भय वाटतं. थप्प्या आढ्यापर्यंत, पलीकडचं दिसत नाही. आणि तिथूनच हमाल सरकीची पोती पाठीवर घेऊन आडवे जातात. डोक्यावर तरटाची खोळ, नजर पायाखाली. तिथं मारोतीला उभं केलं. कुणी आडवं आलं की त्यानं ‘थांब’ म्हणून ओरडायचं, गाडीनं जागच्या जागी थांबायचं. मारोतीचा आवाज स्टेशनापर्यंत जातो. निवड चांगली केली असं वाटलं.

९ जाने., गुरु.
चांगली कसली. दिवसभर बघत होतो. हमाल चुकला की मारोती त्याची सात पिढ्यांची विचारपूस करतो. पण गाडी आली की हा डोक्यावरचं फडकं सावरतो आणि हळूच म्हणतो, “किसनराव, जरा थांबता का.” एवढं म्हणून होईपर्यंत किसनराव पार दरवाज्यापाशी.

बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, “जावई हाय बाबूजी. पाय धुतलेत म्या त्याचे. चार माणसांत ‘थांब रे’ कसं म्हणू? पोरीला काय तोंड दाखवू?”

मग पोरांच्या खेळातली शिट्टी आणून दिली. हातात घेऊन तिच्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली. “शेळ्या हाकल्यावानी? जावयाला?” शिट्टी आता टेबलावर पडून आहे.

छाती भरलेली. कापसाची धूळ काही केल्या निघत नाही. सौ.नं ओव्याचा शेक दिला.

१४ जाने. संक्रांत
गया आली होती तिळगूळ घेऊन. मारोतीची एकुलती एक, किसनची बायको. पोटुशी आहे, चेहरा उतरलेला. सौ.नं बळंच बसवून शेंगदाण्याची पोळी खायला घातली. जाताना मला म्हणाली, “बाबूजी, तुमी तरी बोला ह्यांना. बाप बोलंना, सासू मेलेली, मी बोलले तर ऐकनात. गाडी मिळाल्यापून लय जोरात हायेत. एखाद्या दिशी कुनाला तरी लागंल.”

बोलतो म्हणालो.

१७ जाने., शुक्र.
बोललो. तसं चांगलंच बोललो. उलटी का नेत नाहीस म्हणून विचारलं.

“मान धरती बाबूजी. पाठीमागं बघून बघून रातीला मान हलंना. अन् वळनावर मामा हायेत की! काई असलं तर म्हनतील ‘थांब’.”

“ते म्हणत नाहीत ना पण तुला!”

“म्हंजी काई नसंल तवा.”

सासरा गप्प म्हणून जावई निर्धास्त, आणि जावई म्हणून सासरा गप्प. मी मधे, दोघांवर ओरडून घसा बसलेला.

शेटजींकडे गेलो. वळणावर दुसरा माणूस द्या म्हणालो, कुणीही चालेल, फक्त नात्याचा नको. शेटजी हसले. “माणसं कमी करायला गाडी आणली, आणि तुम्ही वाढवायला सांगता.” भोंग्याच्या पार्टसाठी पुन्हा पत्र घातलं म्हणाले.

२१ जाने., मंगळ.
झालं. मारोतीचा पाय.

बाकी उद्या.

२२ जाने.
सरकारी दवाखान्यातून आलो. गुडघ्याखाली हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. पाय वाचला. पण पहिल्यासारखा चालेल का, हे डॉक्टर सांगेनात.

दुपारची गोष्ट. वॅगन लागली होती, घाई. किसन गासडी पुढं घेऊन सरळच येत होता. पलीकडून बोरीचा ग्यानबा पाठीवर पोतं घेऊन वाकून येत होता. दोघंही एकमेकांना दिसत नव्हते. मारोतीला दोघंही दिसत होते. ओरडायचं सोडून तो गाडीसमोर गेला. दोन्ही हात पसरून, तोंड मिटून. ग्यानबा वाचला, शिंग मारोतीच्या पायावर बसलं. मी टेबलापाशी होतो, तिथून पाहिलं. माझ्याही तोंडून आवाज निघाला नाही वेळेवर.

मारोती शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, “किसनरावाला काई झालं न्हाई ना?”

राग आला मला त्याचा. पडलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला.

२५ जाने., शनि.
किसन गाडीवर बसायला तयार नाही. शेडातही जात नाही. दरवाज्याशी उकिडवा बसून राहतो. ग्यानबा स्वतः जाऊन त्याला बिडी देऊन आला, घेतली नाही.

हमाल म्हणतात, मुकादम असल्याशिवाय आम्ही त्या वळणावरून पोती नेणार नाही. शेटजी म्हणतात, किसन बसणार नसेल तर मुंबईहून माणूस बोलावतो, मग इथं त्याचं काम काय? कारखान्याची बैलजोडी तर गाडी आली तेव्हाच विकली. परत फिरायची वाट नाही. त्या एका वळणावर सासऱ्या-जावयाची दोघांचीही भाकरी अडकली आहे.

खूप विनवण्या करून फेब्रुवारीच्या दहापर्यंत मुदत घेतली. तोवर माल हातठेल्यावर.

१ फेब्रु., शनि.
मारोतीला घरी सोडलं. गया म्हणाली, माझ्याकडे चला. तर हा म्हणे लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही, नातवंड होईपर्यंत नाही. घरी एकटाच, पायात मणभर प्लास्टर, आणि हे! शेवटी गया आणि किसन दोघंच गाठोडं घेऊन त्याच्या खोलीवर राहायला गेले.

संध्याकाळी डोकावलो. खोलीत बाज एकच. तिच्यावर किसन अवघडून बसलेला. मारोती खाली सतरंजीवर, प्लास्टरचा पाय लांब करून. जावयाला खाली कसं बसवायचं म्हणून यानं हट्टानं बाज त्याला दिलेली! मी कपाळाला हात लावला. गया रडता रडता हसली.

५ फेब्रु.
दोघं एका खोलीत राहतात, बोलत नाहीत. गया सांगत होती, ह्यांना विचारायचं असलं तर मला विचारतेत, बाबाला सांगायचं असलं तर मला सांगतेत. पोरगी निरोप्या झाली आहे.

मला थकवा फार. ऑफिसात बसल्याजागी डोळा लागतो. नोकरी सोडून गंगाखेडला भावाकडे जाऊन बसावं असं मनात येतं. सौ. म्हणते, तिथं जाऊन कुणावर ओरडणार?

पार्ट अजून आलेला नाही.

९ फेब्रु., रवि.
मुदतीचा उद्या दिवस. म्हणून संध्याकाळी मारोतीकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

गया चुलीपाशी भाकरी थापत होती. जमिनीच्या गारठ्यानं मारोतीचं अंग धरलं होतं, डॉक्टरनंही बाजेवरच निजवा म्हणून सांगितलेलं. आज मोठ्या मुश्किलीनं तो तयार झाला. किसननं त्याच्या काखेत हात घालून उचललं. वळताना प्लास्टरचा पाय बाजेच्या खुराला दणकन लागला.

“अरे थांब, मुडद्या! पाय हाय तो, सरकीचं पोतं न्हाई!”

केवढा आवाज! शेजारची बाई दारात आली. किसन होता तिथंच थांबला, एक पाय अर्धा उचललेला, सासरा तसाच हातांत. हललासुद्धा नाही. गयाचा भाकरीवरचा हात थांबला. एवढा एक शब्द त्या दिवशी निघाला असता तर!

किसननं त्याला हळूच बाजेवर टेकवलं. मारोतीचा चेहरा पांढराफटक. पायाच्या दुखण्यानं नव्हे. “चुकलं किसनराव,” म्हणाला. “तोंडातून गेलं. मनावर घेऊ नका.”

किसन खाली बसला, बाजेला टेकून. गेल्या कितीतरी दिवसांत तो पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलला. “मामा, उद्या बाबूजी तुमाला ठेल्यावर बसवून वळनावर आनतेत. मी बसतो गाडीवर. पन असंच म्हना मला.”

मी काही ठरवलेलं नव्हतं, पण मान हलवली.

मारोतीनं भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, “चार माणसांत?”

“चार माणसांतच.”

मारोती गयाला म्हणाला, “सकाळी लवकर उठव मला.” गयानं मला चहा दिला. तो संपेपर्यंत बसलो, मग निघालो.